बाजारातून आणल्या कोंबड्या, घरी आला रोग

आपल्या वस्तीत सातबारा सगळ्यांच्या नावावर नाही, पण खुराडे मात्र बहुतेक घरांपुढे आहे. कोंबडी ही आपल्या मायमाउलीची हक्काची पेढी आहे. लेकराला वही पाहिजे, चार अंडी विकली. दवाखान्याला पैसे नाहीत, कोंबडा विकला. या पेढीला जामीनदार लागत नाही आणि साहेबाची सहीही लागत नाही. परंतु हीच पेढी दहा दिवसांत बुडाली तर काय होते, हे २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यात आमचीही चूक होती. ती न लपवता वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत, कारण एकाच्या ठेचेने दहा जण शहाणे व्हावेत.

भाव पाहिला, कोंबडी पाहिली नाही

धाराशिव तालुक्यातील एका गावची आपली वस्ती. ढोकीपासून फार लांब नाही. तिथे बारा भगिनींचा बचत गट आहे. बहुतेक जणी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या. गटाच्या हिशेबाची वही पाहण्याचे काम आमच्याकडे. गटाने ठरवले की प्रत्येकीने दहा-दहा तलंगा घ्यायच्या. लहान पिल्ले आणली तर त्यांना ऊब द्यायला दिवसरात्र बल्ब लागतो, म्हणून तीनेक महिन्यांच्या तलंगा बऱ्या.

खात्रीच्या ठिकाणी एका तलंगेला २३० रुपये सांगितले. आठवडी बाजारात टेम्पो घेऊन येणारा विक्रेता १८० ला द्यायला तयार झाला. आम्ही बी.कॉम. झालेले, रोज आकडेमोड करणारे. लगेच हिशेब मांडला. १२० कोंबड्यांमागे ६,००० रुपये वाचतात! सर्वांनी माना डोलावल्या आणि गटाच्या कर्जातून २१,६०० रुपये उचलले.

बाजारात टेम्पोच्या जाळीत कोंबड्या दाटीवाटीने कोंबल्या होत्या. काही तोंड उघडे ठेवून धापा टाकत होत्या. गटाच्या अध्यक्षा असलेल्या आक्कांनी एका तलंगेकडे बोट दाखवून विचारलेही, “ही डोळे मिटून का उभी हाय?” विक्रेता म्हणाला, “उन्हानं, मावशी. सावलीत नेली की पळती बघा.” लस दिली आहे का, असे विचारल्यावर, “समदं झालंय,” एवढेच उत्तर. कोणती लस, कोणत्या तारखेला, कागद कुठे आहे, यातले काही आम्ही विचारले नाही. पावती मागितली तर तो हसला. “कोंबडीची पावती कोण देतं, साहेब?” आम्हीही हसलो. ते हसणे महागात पडले.

संध्याकाळी कोंबड्या घरोघरी वाटल्या. प्रत्येकीने नव्या तलंगा जुन्या कोंबड्यांच्याच खुराड्यात कोंडल्या. पाण्याचे भांडे तेच, दाणा टाकायची जागा तीच. बारा घरांत मिळून जुन्या ४७ कोंबड्या होत्या. त्या दणकट, घरच्या, वर्षानुवर्षे अंडी देणाऱ्या. त्यांचे काही बिघडेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

दहा दिवसांत काय झाले

तिसऱ्या दिवशी दोन-तीन घरांतल्या तलंगा पंख पाडून कोपऱ्यात बसल्या. दाणा टिपेनात. चौथ्या दिवशी हिरवट-पांढरी पातळ हगवण सुरू झाली. श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागली. पाचव्या दिवशी एका तलंगेची मान वाकडी झाली आणि ती एका जागी गरागरा फिरू लागली. सहाव्या दिवसापासून सकाळी खुराडे उघडले की मेलेल्या कोंबड्याच हाती येऊ लागल्या. आठव्या दिवशी जुन्या कोंबड्यांनीही माना टाकल्या.

वस्तीत जो तो उपाय सांगू लागला. कुणी लसणाचे पाणी पाजले, कुणी हळद-तेल लावले. एकाने माणसाच्या तापाच्या गोळ्या कुटून पाण्यात टाकल्या. गावातून कुणीतरी निरोप धाडला की मरीआईला कोंबडे द्या, म्हणजे रोग निघून जाईल. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा देताना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या या भगिनींच्या घरात भिंतीवर आहेत. आक्कांनी निरोप आणणाऱ्याला सांगितले, “देवीला कोंबडं द्यायला आमच्याकडं कोंबडं ऱ्हायलंय कुठं?” सगळ्या जणी त्या दुःखातही हसल्या.

तथागतांनी शिकवले की काही घडते ते कारणाशिवाय घडत नाही. तेव्हा आधी कारण शोधायचे. त्या सकाळीच मेलेल्या दोन कोंबड्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्या. डॉक्टरांनी त्या चिरून पाहिल्या. जठराच्या आतल्या अस्तरावर रक्ताचे ठिपके होते. ते म्हणाले, “लक्षणं राणीखेतची आहेत. पण बर्ड फ्लूही असाच दिसतो, म्हणून नमुने पुढे पाठवतो.”

राणीखेत म्हणजे काय

आपले लोक ज्याला मानमोडी म्हणतात तोच हा राणीखेत रोग. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहराजवळ तो दिसला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. त्यानंतर लवकरच आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत या गावी तो सापडला आणि आपल्याकडे तेच नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. विषाणूवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. एकदा लागण झाली की रोग बरा करणारे औषध नाही. आधी लस देणे एवढाच उपाय.

विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला साधारणपणे दोन ते पंधरा दिवस लागतात. म्हणजे बाजारात चांगली दिसणारी, टकाटका दाणे टिपणारी कोंबडीही रोग घेऊन घरी येऊ शकते. विष्ठेतून, चोचीतल्या लाळेतून, पाण्याच्या भांड्यातून, इतकेच काय पण माणसाच्या चपलेतून तो पसरतो. टेम्पोच्या एकाच जाळीत दहा गावच्या कोंबड्या एकत्र आल्या की एकीचा रोग सगळ्यांना. लस नसलेल्या कळपात तो शिरला तर दहातल्या आठ-नऊ कोंबड्याही मरू शकतात.

ढोकीचे कावळे आणि वस्तीतली भीती

‘बर्ड फ्लू’ हा शब्द ऐकताच वस्ती घाबरली, त्याला कारण होते. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पाठोपाठ फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात ढोकीलाही तेच घडले. त्याआधी २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. ते कुक्कुटपालनही बचत गटाचेच होते. आणि २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशात पहिल्यांदा हा रोग कोंबड्यांत सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या.

राणीखेतमुळे माणसाला सहसा मोठा धोका नसतो. फार तर डोळे लाल होतात. बर्ड फ्लूची लागण माणसाला क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. म्हणून घरात किंवा रानात एकदम पाखरे मरू लागली तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि दवाखान्याला ताबडतोब कळवावे. कळवले तर सरकार सगळ्याच कोंबड्या मारून टाकील, या भीतीने लोक गप्प बसतात. पण शासनाच्या आदेशाने ज्या कोंबड्या माराव्या लागतात त्यांची भरपाई मिळते. आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. मग गप्प राहण्यात आपलाच तोटा नाही काय?

आमचे नमुने पुढे गेले आणि आठवड्याने निरोप आला. बर्ड फ्लू नाही, राणीखेतच.

विहारातली ती रात्र

पण निरोप येण्याआधीची एक रात्र आम्ही विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. विहारात गट बसला. तोपर्यंत निम्म्याच्या जवळपास तलंगा मेल्या होत्या. ७० अजून चालत्याफिरत्या होत्या. एक भगिनी म्हणाली, “उद्या बाजारात नेऊन दीडशेनं फुकून टाकू. साडेदहा हजार तरी हातात येतील. आपल्याला त्यानं विकल्या, आपण दुसऱ्याला विकू. दुनिया अशीच चालती.” दुसरी म्हणाली, “नाहीतर मरायच्या आत कापून खाऊ. पाण्यात जाण्यापरीस पोटात गेलेल्या बऱ्या.”

बंधू-भगिनींनो, हे बोलणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. मजुरी करून आठवड्याचा बाजार करणाऱ्या बाईला साडेदहा हजार रुपये म्हणजे काय, हे खुर्चीत बसणाऱ्याला कळणार नाही. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो. १८० चा भाव आम्हीच पसंत केला होता. कोणत्या तोंडाने उपदेश करणार?

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध उपासिका बोलल्या. कसबे तडवळे तिथून जवळच. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब तिथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. आजींचे सासरे त्या परिषदेला जाऊन आले होते. आजी म्हणाल्या, “बाबासायबाला बघून आले आन् मामंजींनी मेलेलं ढोर वढायचं सोडलं. गावानं दळण बंद केलं, काम बंद केलं. तवा बी पोटाचाच सवाल व्हता. लेकरं उपाशी निजली, पर मेलेल्याला हात लावला न्हाई. आन् आज आपुन रोगाचं खायचं म्हनता?”

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आन् बाजारात कोन घेनार ह्या कोंबड्या? बंगल्यावाला बाजारात तलंगा घ्यायला येतो व्हय? येनार ती आपल्यावानीच कुनीतरी. तिच्या खुराड्यात बी चार जुन्या असतीलच की.”

विहारात कुणी काही बोलेना. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे बजावले, ते पोटापेक्षा माणुसकी मोठी म्हणून. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आहे. रोगी कोंबडी निरोगी म्हणून विकणे यात खोटे बोलणेही आले आणि दुसऱ्याच्या घरची चोरीही आली.

त्याच वेळी एक विधवा भगिनी मान खाली घालून म्हणाली, “मी परवाच चार विकल्या. कडंवर लेकरू घेतलेली बाई व्हती. गाव इचारलं न्हाई.” तिला कुणी बोल लावला नाही. पुढच्या दोन बाजारांना ती त्या बाईला शोधत फिरली. ती बाई सापडली नाही.

गटाने ठरवले की एकही कोंबडी बाजारात जाणार नाही, एकही कापली जाणार नाही. विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर खोल खड्डा खणला. मेलेल्या कोंबड्या चुना टाकून पुरल्या. मेलेले पाखरू ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकणे म्हणजे रोग पुढच्या गावाला धाडणे. २००९ च्या प्राणी रोग प्रतिबंध कायद्यानेही रोगाने मेलेले जनावर नदी-तलावात टाकणे गुन्हा आहे आणि रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्य आहे.

हिशेबाची वही

१२० तलंगांपैकी ४ विकल्या गेल्या होत्या, ९० मेल्या, २६ वाचल्या. १८० प्रमाणे ९० तलंगांचे १६,२०० रुपये गेले. जुन्या ४७ पैकी ३९ मेल्या. एकीचे ४०० धरले तरी १५,६०० होतात. एकूण नुकसान ३१,८०० रुपये. वाचवायला गेलो ६,०००! शिवाय बुडालेली अंडी वेगळीच. गटाने कोणाचेही कर्ज बुडवले नाही. प्रत्येकीचे १,८०० रुपये बारा महिन्यांत फेडायचे होते. ते महिना १०० रुपयांप्रमाणे अठरा महिन्यांत फेडायचे ठरले.

विक्रेत्याचे काय, असे वाचक विचारतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदारही ग्राहक मानला जातो. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी नाही. कायदा आपल्या बाजूचा आहे, पण पावती कुठे आहे? टेम्पोचा नंबरही आम्ही लिहून घेतला नव्हता. शिका, असे बाबासाहेब म्हणाले त्यात चिठ्ठीभर कागद मागून घेणेही आले.

एकीला जमत नाही, वस्तीला जमते

लस इतकी गुणाची आहे तर आपल्या भगिनी ती का देत नाहीत? आळस म्हणून नाही. लसीची एक बाटली साधारण शंभर कोंबड्यांची असते. ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. जिच्या दारात पाच कोंबड्या आहेत तिने पंच्याण्णव मात्रा ओढ्यात ओतायच्या काय? म्हणून एकटी बाई लस आणत नाही आणि रोग एकेकीला गाठतो.

गटाने यावरच उपाय केला. खुराडी खरवडून, चुना मारून, उन्हात वाळवून रिकामी ठेवली. पावसाळा सरल्यावर एक दिवस ठरवून लसीकरण घेतले. रोग गावकुसाच्या आतला-बाहेरचा ओळखत नाही आणि कोंबड्याही ओळखत नाहीत. दिवसभर त्या सगळ्या गावाच्या उकिरड्यांवर चरतात. म्हणून आक्का पोरींना घेऊन मातंग वस्तीत गेल्या, मुस्लिम मोहल्ल्यात गेल्या, मराठ्यांच्या वाड्यांवरही गेल्या. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या कोंडून ठेवल्या. सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्याचे कर्मचारी बर्फाचा डबा घेऊन आले. ४१ घरांतल्या २१४ कोंबड्यांना तीन बाटल्यांत लस झाली. एका कोंबडीमागे आलेला खर्च एका अंड्याच्या किमतीपेक्षा कमी होता.

त्यानंतर गटाने पुन्हा ६० तलंगा घेतल्या. या वेळी भाव शेवटी विचारला. गटाने जे नियम वहीत लिहिले, ते आमच्या भगिनींनी कापून खुराड्याजवळ लावावेत म्हणून देत आहोत :

१) कोंबडी सकाळच्या गारव्यात पाहावी. डोळे चमकदार, तुरा लाल, नाकपुड्या कोरड्या, मागची पिसे स्वच्छ पाहिजेत. पंख पाडलेली, घरघरणारी, डोळे मिटणारी एक जरी दिसली तरी त्या कळपातली एकही घेऊ नये.

२) चोचीचे टोक कापलेले असेल तर ती बहुधा पिंजऱ्यातली अंड्याची कोंबडी असते. गावरान म्हणून तिचा भाव देऊ नये.

३) लसीचे नाव व तारीख लिहून घ्यावी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी देतात. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नये. लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. पुढची मात्रा डॉक्टरांना विचारून द्यावी. रोगी कोंबडीला लस देऊ नये.

४) साध्या कागदावर का होईना, पावती घ्यावी. शक्यतो शासकीय उबवणी केंद्र किंवा ओळखीच्या ठिकाणाहून खरेदी करावी. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

५) नवी कोंबडी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावी. आधी जुन्यांना दाणापाणी करावे, मग नव्यांना. हात धुवावेत.

६) कोंबड्या एकदम मरू लागल्या तर दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. विकू नये, खाऊ नये, उघड्यावर टाकू नये.

हे लिहीत असताना गटाच्या तलंगा अंड्यावर आल्याचा निरोप आला आहे. त्या विधवा भगिनीने आपल्या पहिल्या अंड्यांतली चार बाजूला ठेवली आणि बाजारात नेली. कडेवर लेकरू घेतलेली ती बाई कधी तरी भेटेल, अशी तिला आशा आहे. ती भेटो न भेटो, आपल्या वस्तीतून रोगाची कोंबडी कुणाच्या दारी जाणार नाही, एवढे जरी प्रत्येक गटाने वहीत लिहिले तरी आमच्या चुकीचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

जयभीम!